जात्यावरील ओव्यांची खतावणी

बीड जिल्ह्याचे नाव सरकारी तक्त्यांत बहुधा अवर्षण, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर आणि मुलींची घटती संख्या या सदरांखाली आढळते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे येथे अवघ्या ८०७ मुली नोंदल्या गेल्या आणि तो राज्यातील नीचांक ठरला. हा आकडा सत्य आहे व त्यावर पांघरूण घालण्याचे काही कारण नाही; परंतु याच महाराष्ट्रातील आयांनी आपल्या लेकींविषयी जात्यावर बसून जे शब्दबद्ध केले, ते जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात मावणारे नाही. त्याचे दफ्तर निराळे आहे, आणि ते सिद्ध करण्यात काही माणसांनी आयुष्याची दशके वेचली.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे हे कार्य उभारले. हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी संकलित केल्या. पुढे संगणक आणि संगीत या दोहोंत गती असलेल्या बर्नार्ड बेल यांच्या सहभागामुळे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण व शब्दसंहिता यांची परस्परांशी सांगड घातली गेली. विजेच्या गिरण्या गावोगाव पोहोचून दळणाबरोबर गाणेही मागे पडू लागले होते, त्या काळात झालेले हे संकलन ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७ पासून सर्वांस खुले केले आहे.

या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या विपुलतेपेक्षा रचनेत आहे. प्रत्येक ओवीस स्वतंत्र क्रमांक, तिच्यासोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि आशयानुसार विषय व उपविषय, असा तपशील एखाद्या जुन्या कारकुनाने जमाबंदीची वही राखावी तितक्या निगुतीने राखला आहे. माय-लेक, बहीण-भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल, हे विषय गाणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवातून आले. त्यांची प्रतवारी लावताना प्रत्येक ओवीचा अर्थ समजून घ्यावा लागला. म्हणूनच हे वर्गीकरण केवळ यांत्रिक लेखनिकी न राहता रसिकतेचे व चिकित्सेचे कार्य ठरले. एकाच कल्पनेची ओवी दोन दूरच्या तालुक्यांत किंचित पालटून गायिली जाते, हे गावाची नोंद असल्यामुळेच ताडून पाहता येते; एका अर्थाने हा महाराष्ट्राच्या स्त्रीमनाचा नकाशाच होय.

या नकाशावर बीड जिल्ह्याचे स्थान ठळक आहे. सिंदफणेकाठच्या माजलगावातील भीमनगर वस्तीत १९९६ साली दलित स्त्रियांच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई आणि बुद्ध यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या छंदातच गायिली. ज्यांना इतिहासलेखनात क्वचितच जागा मिळाली, त्यांनी आपला काळ कोणत्या दृष्टीने पाहिला, याचे साक्षीपत्र त्या वस्तीच्या नावानिशी उपलब्ध आहे.

या संग्रहाची पद्धत इतरांशी ताडून पाहावयाची तर, अमेरिकेत लोकसंगीताचे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांनी १९६० च्या दशकात जगभरच्या लोकगीतांची तुलना गायनशैलीच्या ३७ निकषांवर करण्याची भव्य पद्धती रचली. त्यांचे लक्ष प्रामुख्याने स्वर, लय व समूहगायन यांवर होते. पुण्याच्या अभ्यासकांनी मात्र गाणारी काय म्हणते यास अग्रस्थान दिले. दोन्ही मार्ग मोलाचे आहेत. परंतु गाणारीच्या म्हणण्यास प्रमाण मानणारा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो.

कारण ओवी ‘लोकगीत’ या सामान्य नावाखाली छापली की गाणारी अनामिक होते, तर नावगावासह नोंदली की तिची ग्वाही होते. बीडमधील शाळा-महाविद्यालयांनी व ग्रंथालयांनी हा संग्रह वर्गात आणावा, आपापल्या तालुक्याच्या ओव्या त्यातून वेचून नकाशावर मांडाव्यात, आणि ज्या वृद्धांच्या मुखी त्या अजून जिवंत आहेत त्यांच्याकडून त्यांच्या संमतीने उरलेल्या नोंदून घ्याव्यात. ८०७ या आकड्यास उत्तर देण्याची जबाबदारी ज्या समाजावर आहे, त्याने त्याच लेकींच्या आयांचे बोलणे ऐकून घेणे, हे त्या उत्तराचे पहिले पाऊल आहे.