घरपाहणी

घरपाहणी म्हणजे घर, सदनिका किंवा भूखंड विकत घेण्यापूर्वी खरेदीदाराने प्रत्यक्ष जागेवर जाऊन केलेली तपासणी होय. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत विक्रीस काढलेले घर ठरलेल्या दिवशी, बहुधा शनिवारी किंवा रविवारी, काही वेळ सर्वांना पाहण्यासाठी खुले ठेवतात. त्यास ‘ओपन हाऊस’ म्हणतात. महाराष्ट्रात ही प्रथा त्या स्वरूपात रुजलेली नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहप्रकल्पांत तिची जागा नमुना सदनिकेने घेतली आहे, तर तालुक्याच्या गावी मालक किंवा दलाल सवडीने घर उघडून दाखवतो. प्रकार कोणताही असला, तरी भेटीची वेळ बहुधा विकणाऱ्याच्या सोयीची असते आणि घर त्या वेळेपुरते नीटनेटके केलेले असते. त्यामुळे घराच्या चांगल्या दिवशी त्याच्या वाईट दिवसाचा अंदाज घेणे, हेच पाहणीचे खरे काम ठरते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या शिरोळ तालुक्यात हा वाईट दिवस महापुराचा असतो.

पूरप्रवण भागातील पाहणी

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्या शिरोळ तालुक्यातून किंवा त्याच्या सीमेवरून वाहतात. पंचगंगा आणि कृष्णा यांचा संगम नृसिंहवाडी येथे होतो. कृष्णेची पातळी वाढली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे फुगते. प्रदेश सपाट असल्याने चढलेले पाणी उतरण्यासही दिवस लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या पुरांत तालुक्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली किंवा पाण्याने वेढली गेली. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी येणे भाविकांना नवे नाही. उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, तेव्हा तेथे दक्षिणद्वार सोहळा होतो. मात्र देवाला मानवणारे पाणी संसाराला मानवत नाही.

उन्हाळ्यात घर पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. दिसतात त्या खुणा. खोलीच्या सर्व भिंतींवर एकाच उंचीवर गेलेली पुसट आडवी रेघ, लाकडी चौकटींचा फुगलेला खालचा भाग, कमरेपर्यंतच नवा दिसणारा गिलावा, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर नेलेली विजेची बटणे, जिन्याखालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ यांतून पूर वाचता येतो. घराला नवा रंग असणे हा काही दोष नव्हे. संपूर्ण घर जुन्या रंगात आणि एकच भिंत नव्या रंगात असेल, तर मात्र त्या भिंतीची चौकशी अवश्य करावी. कपाट किंवा पलंग सरकवून मागची भिंत पाहण्याची परवानगी मागण्यात संकोचाचे कारण नाही.

खुणांपेक्षाही अधिक भरवशाची साक्ष शेजाऱ्यांची असते. ती घेताना प्रश्न कसा विचारला जातो, याला महत्त्व आहे. “इथे पाणी येते का?” या प्रश्नाला “तसे नाही” असे मोघम उत्तर मिळते. “एकोणीस साली पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते?” असे विचारल्यास उत्तर नेमके येते, कारण पूरग्रस्त गावांत लोक पूर वर्षावरून आणि पायरीवरून लक्षात ठेवतात. घरातली माणसे व जनावरे तेव्हा कुठे हलवली, किती दिवसांनी परतली, आणि घर कोरडे असतानाही गावाबाहेर जाणारा रस्ता बंद होता का, हेही विचारावे. उंचवट्यावरचे घर पाण्यापासून वाचते, पण दूध, दवाखाना आणि शाळा यांपासून तुटते. विक्रेत्याला पुरानंतर झालेल्या पंचनाम्याविषयी विचारणेही योग्य ठरते.

पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषांवरूनही धोका कळतो. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधील भाग बांधकामासाठी निषिद्ध क्षेत्र मानला जातो आणि दोन रेषांमधील भागात बांधकामावर निर्बंध असतात. एखादे वर्ष कोरडे गेले म्हणून रेषा हलत नाही.

माती, ओल आणि लोणा

तालुक्यातील काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर उथळ पाया घेतल्यास भिंतींना तिरक्या भेगा जातात. उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने येथील बरीच शेतजमीन क्षारपड झाली आहे. अशा जमिनीलगतच्या घरात ओल क्षार घेऊन भिंतीत चढते आणि पाणी सुकल्यावर पांढरी भुकटी उरते, तोच लोणा. भिंतीवर तळहात फिरवल्यास तो हाताला लागतो. फरशीवर काठीने ठोकून पोकळ आवाज येतो का पाहणे आणि घरातील सर्व नळ एकाच वेळी सोडून पाण्याचा दाब पाहणे, या तपासण्यांना खर्च येत नाही. पहिली भेट दुपारची असल्यास दुसरी पावसाळ्यात किंवा निदान रात्री घ्यावी.

कागदपत्रे

प्रत्यक्ष पाहणीत जागेचे जे वर्णन दिसते, ते सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, बिनशेती आदेश आणि मंजूर नकाशा यांच्याशी जुळले पाहिजे. नकाशात नसलेली खोली डोळ्यांना कितीही आवडली, तरी ती कायद्याच्या दृष्टीने नसतेच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

नमुना सदनिका

नमुना सदनिकेत पलंग व कपाटे अनेकदा नेहमीपेक्षा लहान मापाची ठेवतात आणि आतले दरवाजे काढून टाकतात, त्यामुळे खोली ऐसपैस भासते. यासाठी मोजपट्टी सोबत असावी आणि किंमत चटई क्षेत्रावर किती पडते, हे काढावे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार, नमुना सदनिकेतील किंवा जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाल्यास त्याला भरपाई मागता येते. सदनिकेची, जाहिरातीची आणि माहितीपत्रकाची छायाचित्रे जपून ठेवण्याचे महत्त्व त्यामुळेच आहे. याच कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान गावांतील इमारती बऱ्याचदा याच गटात मोडतात.

जुन्या घराच्या खरेदीत ही १० टक्क्यांची मर्यादा लागू होत नाही. तेथे विसार किती द्यावा, हे उभयतांच्या बोलण्यावर ठरते. कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास विसार परत मिळेल, ही अट विसार पावतीवरच लिहून घ्यावी.