फुली म्हणजे ‘हो’

‘‘अम्मी, कित्ते बार बोलू? क्रॉस दबाओ, क्रॉस!’’

मे महिन्यातल्या एका दुपारी माझा तेरा वर्षांचा मुलगा माझ्यावर असा खेकसला. मी हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. त्याच्या आवाजाचा राग आला नाही. ते वाक्य ओळखीचं होतं. ‘किती वेळा सांगायचं?’ हे माझंच वाक्य. वर्गात दिवसातून चार-पाच वेळा तरी ते माझ्या तोंडून निघतं. बावीस-तेवीस वर्षांत कितीदा निघालं असेल, याचा हिशेब अल्लाहलाच ठाऊक. पण आपल्याला ते ऐकून घ्यावं लागलं तर कसं वाटतं, हे त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

झालं असं की माझ्या भावाने दुबईहून परत येताना त्याचा जुना प्लेस्टेशन फोर, दोन कंट्रोलर आणि काही डिस्क मुलांना देऊन टाकल्या. त्यातल्या बहुतेक खेळांत बंदुका होत्या, त्या मी कपाटात ठेवल्या. उरली ती ‘एमएलबी द शो २०’ नावाची अमेरिकेतल्या बेसबॉलची डिस्क. टेंभुर्णीत उन्हाळ्यात दुपारी बारा ते असरपर्यंत अंगणात पाऊल ठेवायची सोय नसते. संध्याकाळी क्रिकेटला गल्लीभर जोडीदार मिळतात, पण बेसबॉलला एकही नाही. मोबाईलवरून आमची रोज कटकट चाललेली होती. मुलगा म्हणाला, ‘‘तुम्ही खेळा माझ्यासोबत, मग मोबाईल मागणार नाही.’’ सौदा बरा वाटला. जी वस्तू मुलाच्या हातातून हिसकावून घ्यायची, ती काय आहे हे एकदा पाहावं, असंही मनात होतं.

टीव्हीवरचे खेळ मला अगदीच अनोळखी नव्हते. आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, मोहल्ल्यात एखाद्याच घरी ‘टीव्ही गेम’ असायचा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’च्या त्या स्वस्त नकला. त्याच कंपनीचा बेसबॉलचा खेळही १९८३ सालचाच. पोरं भिंतीला टेकून खेळायची आणि आम्ही मुली दारात उभ्या राहून पाहायचो. आमचा नंबर कधी आला नाही. त्यामुळे पंचेचाळिशी जवळ आल्यावर कंट्रोलर हातात आला, तेव्हा मी खरोखर पहिलीच्या वर्गात होते.

आधी खेळ समजून घेऊ. बेसबॉलचं मैदान एका कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनासारखं असतं. खालचा कोपरा म्हणजे होम प्लेट, तिथे बॅटवाला उभा. उजवीकडचा कोपरा पहिला बेस, वरचा दुसरा, डावीकडचा तिसरा. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळायचं आणि चारही कोपरे फिरून होम प्लेटला परत आलं की एक धाव. चेंडू टाकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवर असतो, म्हणजे आपल्या २२ यार्डांच्या खेळपट्टीपेक्षा थोडं जवळच. चेंडू टप्पा न घेता थेट येतो. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी १४५ किलोमीटर वेगाने निघाला, तर अर्ध्या सेकंदाच्या आत होम प्लेट ओलांडतो. तीन स्ट्राइक झाले की बॅटवाला बाद. पण मारण्याच्या चौकटीबाहेर पडलेले चार चेंडू त्याने सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. तीन जण बाद झाले की बाजू बदलायची. असे नऊ डाव.

एवढं मला पाच मिनिटांत समजलं. वहीत लिहून दाखवलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. हाताला मात्र काही समजलं नव्हतं.

कंट्रोलरच्या उजव्या बाजूला चार बटणं असतात : त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन. पहिला घोटाळा फुलीचा. ‘हो, पुढे चला’ म्हणायचं तर फुली दाबायची. मी आयुष्यभर बरोबर उत्तरावर टिकमार्क आणि चुकलेल्या उत्तरावर फुली मारत आले. माझा अंगठा दर वेळी गोलाकडे जायचा आणि खेळ मागच्या पानावर परतायचा. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की यात माझी एकटीची चूक नव्हती. ही चिन्हं सोनी कंपनीतल्या तेइयू गोतो नावाच्या जपानी माणसाने ठरवली. त्यांच्या मनात गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असंच होतं. १९९४ साली पहिला प्लेस्टेशन जपानमध्ये आला, तेव्हा तिथे तसंच चालायचं. अमेरिका-युरोपात मात्र फुलीचा ‘हो’ झाला, आणि २०२० साली पाचवा प्लेस्टेशन आला तेव्हा जपाननेही तेच स्वीकारलं. चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो, तो शिकवावा लागतो. अक्षरांचंही तसंच आहे, पण वर्षानुवर्षं शिकवणाऱ्याला त्याचा विसर पडतो.

दुसरा घोटाळा मोठा. एकच बटण जागा बदलली की वेगळं काम करतं. आपली बॅटिंग असेल तर फुली म्हणजे नेहमीसारखी बॅट फिरवणं, गोल म्हणजे नुसती बॅट लावणं आणि चौकोन म्हणजे जोराचा फटका. पिचिंग असेल तर तीच बटणं चेंडूचा प्रकार निवडतात. आणि चेंडू आपल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात असेल, तर तीच बटणं तो कुठल्या बेसकडे फेकायचा ते सांगतात. माझा अंगठा फुलीवर बसलेला असायचा. चेंडू हातात आला की मी घाबरून तीच दाबायचे आणि चेंडू थेट होम प्लेटकडे जायचा, जिथे कोणी पळतच नसायचं. बॅटवाला आरामात पहिल्या बेसवर. मुलगा आधी हसला, मग समजावलं, आणि पाचव्या-सहाव्या वेळी खेकसला. तेच ते, ‘कित्ते बार बोलू?’

मला एप्रिल महिना आठवला.

पाचवीच्या वर्गात एक मुलगी आहे. हुशार, पण उर्दू लिहिताना ‘ऐन’ या अक्षरावर अडते. उर्दूचं अक्षर शब्दात कुठे येतं त्यावर त्याचं रूप ठरतं. ‘इल्म’मध्ये ऐन सुरुवातीला, ‘मालूम’मध्ये मधे, ‘शमा’मध्ये शेवटी जोडलेला आणि ‘शुरू’मध्ये शेवटी पण सुटा. एकच अक्षर, चार चेहरे. त्या मुलीचा मधला ऐन दर वेळी चुकायचा. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मी फळ्यापाशी उभं करून तिला सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘किती वेळा सांगायचं?’’ ती काही बोलली नाही. त्यानंतर सुट्टी लागेपर्यंत तिने हात वर केला नाही. मी तेव्हा एवढंच म्हटलं होतं की, लक्ष देत नाही.

आता माझंही लक्ष होतंच की! नियम पाठ होते. चूक झाल्याक्षणी चूक कळत होती. तरी अंगठा फुलीवरच जात होता. आणि कोणी ‘किती वेळा’ म्हटलं की पुढचा चेंडू आणखी चुकायचा, कारण अर्धं मन खेळात आणि अर्धं मुलाच्या चेहऱ्याकडे.

बी.एड.ला असताना आम्ही शिकलो होतो की, कौशल्य तीन पायऱ्यांनी येतं. फिट्स आणि पोस्नर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली ते मांडलं. पहिल्या पायरीवर माणूस प्रत्येक हालचाल मनात शब्दांनी बोलत करतो, म्हणून हळू आणि चुकत करतो. दुसऱ्या पायरीवर चुका कमी होत जातात. तिसऱ्या पायरीवर हात आपोआप चालतो, विचार करावा लागत नाही. परीक्षेत मी हे उत्तर लिहून गुण मिळवले होते. पण रोज वर्गात मी तिसऱ्या पायरीवर उभी राहून पहिल्या पायरीवरच्या मुलांना विचारत होते, ‘एवढं सोपं कसं येत नाही?’

त्या दिवशी मगरिबच्या नमाजनंतर मुलगा स्वतःच वही घेऊन आला. बहुधा त्यालाही वाईट वाटलं असावं. त्याने बेसबॉलचं मैदान काढलं आणि चार कोपऱ्यांवर चार चिन्हं लिहिली. उजवीकडे पहिला बेस, तिथे गोल. वर दुसरा, तिथे त्रिकोण. डावीकडे तिसरा, तिथे चौकोन. खाली होम प्लेट, तिथे फुली. मग त्याने कंट्रोलर त्या चित्राशेजारी ठेवला. चारही बटणं अगदी त्याच जागी होती! अंगठ्याखाली मैदानाचा नकाशाच होता आणि मी चार सुट्या खुणा पाठ करत बसले होते. उजवीकडून सुरुवात करून डावीकडे जायचं, आपल्या उर्दूसारखंच.

‘‘हे आधी का नाही सांगितलं?’’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘मलाच आत्ता दिसलं. तुम्ही चुकत होता म्हणून विचार केला.’’ शिकणाऱ्याच्या चुकीवर वैतागण्याऐवजी विचार केला तर शिकवणाऱ्यालाही काही सापडतं, हे तेरा वर्षांच्या मुलाने एका वाक्यात सांगितलं.

पुढचे तीन आठवडे आम्ही रोज अर्धा तास खेळलो, जास्त नाही. एकदम दोन तास घोकण्यापेक्षा थोडं-थोडं रोज केलेलं जास्त टिकतं, हे एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवलं होतं. आधी सगळ्यात सोपी पातळी निवडली. बॅटिंगची अशी पद्धत घेतली की फक्त वेळ साधून बटण दाबायचं. ती जमल्यावर डाव्या दांडीने नेम धरायला सुरुवात केली. पिचिंगही एका वेळी एकाच प्रकारच्या चेंडूने. आणि सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी आली : बटण न दाबणं. मी येणाऱ्या प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवत होते. चौकटीबाहेरचा चेंडू ओळखून हात आवरणं म्हणजे निव्वळ सब्र. ज्या दिवशी मी चार चेंडू सोडून पहिला बेस मिळवला, त्या दिवशी मुलाने टाळ्या वाजवल्या. जिंकले मात्र अजून एकदाही नाही.

या निमित्ताने आई-वडिलांसाठी दोन-तीन गोष्टी. मुलं काय खेळतात हे दारातून पाहून कळत नाही, शेजारी बसावं लागतं. शेजारी बसल्यावर मला तीन फरक दिसले. एक, काही खेळांना शेवट असतो आणि काहींना नसतो. आमचा तीन डावांचा सामना संपायचा, मोबाईलवरचं सरकवणं संपत नाही. दोन, घरातल्या घरात खेळताना अजान झाली की खेळ जागच्या जागी थांबवता येतो. इंटरनेटवर दुसऱ्या कोणाशी खेळताना तसं करता येत नाही. तीन, पैसा. याच खेळात पैसे मोजून खेळाडूंची बंद पाकिटं घेण्याची सोय होती. आत कोण निघेल ते नशिबावर. आम्ही कन्सोल इंटरनेटला जोडलाच नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली आहे. आपल्या दीनमध्ये जुगाराबद्दल काय सांगितलंय, ते तर मुलांना कायद्याच्या आधीपासून माहीत असायला हवं. पण ‘सगळे गेम वाईट’ असं सरसकट म्हटलं की मुलं आपलं पुढचं काहीच ऐकत नाहीत. खेळ माहीत असलेल्या आईचं ‘नाही’ त्यांना पटतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी त्या मुलीला उभं केलं नाही, स्वतः उभी राहिले. एप्रिलमध्ये सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच म्हटलं की, ‘‘त्या दिवशी माझं चुकलं.’’ वर्ग गप्प झाला. मग फळ्यावर ऐनची चार घरं काढली. सुरुवात, मध, जोडलेला शेवट, सुटा शेवट. रोज पाच मिनिटं फक्त तेवढंच. पाटीवर लिहायचं, चुकलं तर आपणच पुसायचं, मला दाखवायची सक्ती नाही.

सहामाही परीक्षेत तिचा ‘मालूम’ बरोबर आला. ‘शमा’ अजून चुकतो. मी वहीत फुली मारली नाही, शेजारी बरोबर अक्षर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने हात वर केला आणि विचारलं, ‘‘टीचर, हा शेवटचा ऐन परत एकदा दाखवाल?’’

मी परत एकदा दाखवला. कितव्यांदा, ते मोजलं नाही.