बल्ब कधी विझतो? आयनिक अभिक्रिया शिकवण्याविषयी थोडं

‘आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी’ हे समीकरण तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण रसायनशास्त्र शिक्षणात संशोधन करायचं असेल, तर त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा: बीकरमध्ये नेमकं काय घडतं?

एक प्रयोग बघा. बेरियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात दोन इलेक्ट्रोड बुडवून बल्ब जोडला. द्रावणात आयन आहेत, म्हणून बल्ब पेटतो. आता ब्युरेटमधून विरल सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब सोडा. पांढरा अवक्षेप येतो, प्रकाश मंदावतो आणि आम्ल-आम्लारीचं प्रमाण बरोबर जुळलं की बल्ब जवळपास विझतो. आणखी आम्ल घाला, पुन्हा पेटतो! (विद्राव्य बेरियम संयुगं विषारी असतात, तेव्हा हातमोजे हवेतच.)

हाच प्रयोग सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन केला तर? आधी अंदाज लिहा, मग पुढे वाचा.

इथे बल्ब विझत नाही. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांचं पाणी होतं, पण सोडियम आणि क्लोराइड आयन द्रावणात सुटेच राहतात. ते ‘प्रेक्षक आयन’. पहिल्या प्रयोगात मात्र प्रेक्षक कुणीच नव्हतं: बेरियम आणि सल्फेट आयनही अवक्षेप बनून बाहेर पडले. म्हणजे ‘उदासीन’ याचा अर्थ ‘आयन संपले’ असा नाही.

दुसरा पुरावा उष्णतेचा. विरल द्रावणात कोणतंही तीव्र एकआम्लारिधर्मी आम्ल आणि तीव्र अल्कली घ्या, पाण्याच्या दर मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. नावं बदलली तरी आकडा तोच, कारण खरी अभिक्रिया एकच आहे.

मग अडतं कुठे? अ‍ॅलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मध्ये रसायनशास्त्राचे तीन स्तर मांडले: डोळ्यांना दिसणारं, कणांच्या पातळीवरचं आणि चिन्हांचं. आपण वर्गात पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. मधला स्तर राहूनच जातो. त्यामुळे समीकरण अचूक लिहिणारा विद्यार्थीही मिठाच्या द्रावणात सोडियम-क्लोराइडच्या जोड्या काढतो.

संशोधनाचं साधन निवडताना हे लक्षात ठेवा. ‘समीकरण पूर्ण करा’ या प्रश्नातून पाठांतर मोजलं जातं. समज मोजायची असेल तर कोरा बीकर द्या आणि म्हणा, “आत काय आहे ते काढून दाखव.” चाचणीच चुकीची गोष्ट मोजत असेल, तर नमुना हजाराचा घेऊनही निष्कर्ष सुधारत नाही.

आज एवढंच करून बघा: सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइडची द्रावणं समप्रमाणात मिसळल्यावरचा बीकर काढा. प्रेक्षक कोण?