पोथ्यांसाठी बांधलेले घर

हस्तलिखित पोथीचे शत्रू आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते: दमट हवा, प्रखर ऊन, धूळ आणि कसर. म्हणून पोथी वस्त्रात घट्ट बांधून लाकडी पेटीत ठेवली जाई. पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या निमित्ताने, भांडारे उघडून पोथ्यांची झाडपूस होई. जैसलमेरच्या किल्ल्यात श्री संभवनाथ मंदिराखालच्या तळघरात जिनभद्रसूरी ज्ञानभांडार शतकानुशतके टिकून राहिले. वाळवंटातील कोरडी हवा, जाड दगडी भिंती आणि भूमीच्या पोटातील गारवा हेच तेथील रक्षक होते.

विसाव्या शतकात हाच प्रश्न अहमदाबादेत नव्याने उभा राहिला. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी यांनी आयुष्यभर पोथ्यांचे संशोधन व जतन केले आणि आपला मोठा संग्रह समाजाच्या स्वाधीन केला. त्यासाठी श्रेष्ठी कस्तुरभाई लालभाई यांच्या आश्रयाने लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर ही संस्था आकारास आली. कस्तुरभाई गिरणीमालक तर होतेच. शिवाय आणंदजी कल्याणजी पेढीचे प्रमुख या नात्याने त्यांनी राणकपूर आणि देलवाडा येथील मंदिरांचे जीर्णोद्धार घडवून आणले होते. दगडाची पारख असलेल्या या श्रेष्ठींनी विद्यामंदिराची वास्तू मात्र एका तरुण, आधुनिक वास्तुकाराकडे सोपवली. ते वास्तुकार म्हणजे बाळकृष्ण दोशी.

दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबात झाला. पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करून ते अहमदाबादेत स्थिरावले. विद्यामंदिरासाठी त्यांनी जुन्या उपाश्रयांचा आणि ज्ञानभांडारांचा अभ्यास केला. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर आणि पावसाळ्यात हवा ओलसर, अशा या शहरात केवळ यंत्रांवर न विसंबता पोथ्या सांभाळायच्या होत्या. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत पोथ्यांची जागा अर्धवट जमिनीत उतरलेल्या तळघरात आहे. भोवतालची माती उष्णतेचे चढउतार सौम्य करते. वरच्या मजल्यांना खोल ओसऱ्या आणि रुंद छज्जे आहेत, त्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच अडते.

या वास्तूत कोरीव कमानी नाहीत, झरोक्यांची नक्कलही नाही. भिंती उघड्या काँक्रीटच्या आहेत. तरीही उपाश्रयाची शांत सावली तेथे जाणवते. दोशींनी परंपरेकडून उसने घेतले ते तिचे रूप नव्हे, तिची विचारपद्धती. जुन्या गवंड्याने ऊन, वारा, पाणी आणि माती यांना जे उत्तर दिले, तेच उत्तर त्यांनी आपल्या काळाच्या साहित्यात दिले.

पुढे १९८० साली ‘संगत’ या स्वतःच्या कार्यालयात त्यांनी हाच विचार अधिक मोकळेपणाने मांडला. कमानदार छपरांची ही वास्तू काही अंशी जमिनीत आहे. छपरांवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी जडवलेली आहे. गुजरातेतील गच्च्यांवर दिसणारी ही साधी युक्ती ऊन परतवून लावते. पावसाचे पाणी छपरांवरून पन्हळींत उतरते आणि अंगणाला गारवा देते. २०१८ साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतील सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय ठरले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

अहमदाबादच्या पोळींतही हीच जाण दिसते. अरुंद गल्ल्या एकमेकींना सावली देतात, घरातील चौक उजेड व वारा आणतो, अंगणाखालच्या टाक्यात पावसाचे पाणी साठते आणि नाक्यावरच्या चबुतऱ्यावर पाखरांना दाणा मिळतो. २०१७ साली या जुन्या शहराला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. महाराष्ट्रातील चौसोपी वाडाही याच कुळातला.

आज मात्र व्यापारी कुटुंबांत वाडा पाडून नवा बंगला उभा राहतो, तेव्हा पश्चिमेला काचेची भिंत, प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र आणि दारावर शोभेची कोरीव महिरप असा मेळ सर्रास दिसतो. परंपरेचे रूप राहते, शहाणपण निघून जाते. हिशेब जाणणाऱ्यांनी येथेही हिशेब मांडावा. छज्जा, ओसरी, जाड भिंत यांचा खर्च एकदाच होतो. विजेचे बिल दरमहा येते.

म्हणून नकाशावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर पडते? वारा कोठून येतो आणि कोठून बाहेर जातो? छपरावरचे पाणी कोठे जाते? चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वीच्या स्वयंपाकाला आणि धान्य निवडायला दिव्याविना पुरेसा उजेड आहे का? गरजेपुरतेच घ्यावे, हा अपरिग्रहाचा संस्कार तिजोरीइतकाच भिंतींनाही लागू आहे. ज्या समाजाने पोथीसाठी इतका विचार केला, त्याने पोथी वाचणाऱ्या पुढच्या पिढीच्या घराचाही तेवढाच विचार करावा.