किलिमांजारो : शिखराआधीच्या रात्री मोजा

मारांगू गेटवर नोंदणीच्या वहीत नाव लिहून माणूस किलिमांजारो चढायला लागतो, तेव्हाच तो कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर उभा असतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर आणि हे गेट सुमारे १,८७० मीटर. तिथून उहुरू शिखर, म्हणजे आफ्रिकेतला सर्वांत उंच बिंदू, ५,८९५ मीटरवर. चार हजार मीटरची चढाई बाकी असते. दोर लागत नाही, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही, गिर्यारोहणाचा कोर्स केलेला असावा लागत नाही. गाईड मात्र सक्तीचा आहे.

आपल्याकडे धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा टान्झानियात कोरडा हंगाम असतो. जानेवारी-फेब्रुवारीही चढाईला चांगले. त्यामुळे १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारीला शिखरावर तिरंगा घेऊन उभे राहायचे, असा बेत आखून जाणारे मराठी ट्रेकर बरेच आहेत. यातले बहुतेक सह्याद्रीत तयार झालेले, दमदार पायांचे. आणि नेमके अशांनीच जाण्याआधी थोडा हिशेब करावा, कारण तिथे पायांच्या ताकदीला वाटते तितकी किंमत नाही.

हिशेब हवेच्या दाबापासून सुरू होतो. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण मुंबईत आणि शिखरावर सारखेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीवरचा दाब १०० धरला, तर कळसूबाईवर तो ८२ भरतो, २,७२० मीटरवर ७२, ३,७२० मीटरवर ६३, ४,७२० मीटरवर ५५ आणि उहुरूवर जेमतेम निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासातून मिळणारा ऑक्सिजनही निम्म्यावर येतो. कोविडच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. इथे गाईड रोज संध्याकाळी तंबूत येऊन तोच लावतात. शेवटच्या तळावर ८०च्या आसपासचा आकडा दिसला, तर तिथे कुणाला नवल वाटत नाही. तोच आकडा पुण्यात दिसला असता तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती.

वरच्या तीन उंची मुद्दाम निवडल्या आहेत. मारांगू वाटेवरच्या मंदारा, होरोंबो आणि किबो या तीन मुक्कामांच्या त्या ढोबळ उंची आहेत. पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये पहिली रात्र २,७२० मीटरवर, दुसरी ३,७२०वर, तिसरी ४,७२०वर. रोज हजार मीटर वर. तिसऱ्या रात्री तर झोप नावालाच, कारण मध्यरात्री उठून शिखराकडे निघायचे असते.

उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर काय सांगतात? ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. हा नियम मारांगूला लावून पाहा. पहिली रात्र २,७२०, दुसरी ३,२२०, तिसरी ३,७२०, चौथी तिथेच, पाचवी ४,२२०, सहावी ४,७२०. नियमाने सहा रात्री लागतात. पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये शिखराआधी मिळतात तीन. सहा दिवसांचे घेतले तर होरोंबोला एक रात्र वाढते आणि चार होतात.

आता पश्चिमेकडून चढणारी लेमोशो वाट, आठ दिवसांची. मुक्कामांच्या उंची साधारण अशा : २,७५०, ३,५००, ३,८५०, ३,९७५, ३,९९५, ४,६७५ मीटर. शिखराआधी सहा रात्री. शेवटची उडी इथेही मोठीच आहे, जवळजवळ ७०० मीटरची. पण त्याआधी तीन रात्री शरीर चार हजारांच्या आसपास रेंगाळलेले असते. शिवाय चौथ्या दिवशी लाव्हा टॉवरपाशी ४,६३० मीटरपर्यंत चढवून झोपायला साडेसहाशे मीटर खाली बरांकोला आणतात. नकाशावर पाहिले तर हा उगाच घातलेला वळसा वाटेल. प्रत्यक्षात या वाटेवरचा सर्वांत शहाणपणाचा दिवस तोच.

या रात्रींत नेमके काय होते, ते समजून घेतले की घाई करावीशी वाटत नाही. विरळ हवेत गेल्यावर काही तासांतच श्वास वाढतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करायचे काम मूत्रपिंडांचे. ती बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, पण त्याला काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करवून घेते, म्हणून डॉक्टर ती प्रतिबंधासाठी देतात. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तांबड्या पेशी खऱ्या अर्थाने वाढायला तर आठवडे लागतात, इतका वेळ कोणत्याच पॅकेजमध्ये नसतो. रोज सिंहगड पळत चढणाऱ्याची मूत्रपिंडे इतरांपेक्षा वेगाने चालत नाहीत. उलट, दम असल्यामुळे तो भराभर चढतो, डोकेदुखी अंगावर काढतो आणि गाईडपासून लपवतो. तीच डोकेदुखी वाढत जाऊन मेंदूला सूज आली किंवा फुप्फुसांत पाणी झाले, तर जिवावर बेतते. तेव्हा खरा इलाज एकच, ताबडतोब खाली उतरवणे. बहुतेकदा ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर फरक पडतो.

शिखराच्या रात्रीचा हिशेब वेगळाच आहे. किबोपासून उहुरूपर्यंत १,१७५ मीटर चढ, वेळ सात तास धरला तर ताशी जेमतेम १७० मीटर. सह्याद्रीत साधा ट्रेकरही तासाला तीनशे मीटर सहज चढतो. या संथपणाचा राग येऊ देऊ नये. गाईड ‘पोले पोले’, म्हणजे ‘हळूहळू’, म्हणत मुद्दाम पुढे राहतो आणि कुणालाही आपल्या पुढे जाऊ देत नाही. उतरताना हिशेब उलटतो. त्याच दिवशी होरोंबोपर्यंत २,१७५ मीटर खाली यायचे असते. लेमोशोने गेलेल्यांचा म्वेका तळ आणखी खाली असल्यामुळे त्यांचा उतार पावणेतीन हजार मीटरच्या घरात जातो. गुडघ्यांची परीक्षा होते ती इथे.

‘आमचे ९५ टक्के लोक शिखर गाठतात’ असे जाहिरातीत वाचले, तर कोणते शिखर, हे विचारावे. मारांगूने विवराच्या कडेवर पोहोचले की सुमारे ५,६८५ मीटरवर गिलमन्स पॉइंट लागतो, दुसऱ्या बाजूने स्टेला पॉइंट. तिथवर गेलेल्यालाही किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचे प्रमाणपत्र मिळते, उहुरूचे वेगळे. टक्केवारीत दोन्ही मिसळले, की पाच दिवसांची वाटही छान दिसते.

मग लोक पाच दिवसांची वाट घेतात कशाला? पैशांसाठी, आणि रजेसाठी. गेली काही वर्षे उद्यानाचे दर माणशी असे आहेत : दिवसाला ७० डॉलर संवर्धन शुल्क, रात्रीला तंबूचे ५० किंवा मारांगूवरच्या झोपडीचे ६०, बचावकार्याचे एकदाच २०, वर १८ टक्के कर. पाच दिवस आणि चार रात्रींच्या मारांगूचे सुमारे ७२० डॉलर होतात, आठ दिवसांच्या लेमोशोचे १,०९७. जादा दिवसामागे नुसत्या शुल्कातच १४० ते १५० डॉलरची भर. स्वस्त पॅकेज बनवायचा सोपा मार्ग म्हणजे दिवस छाटणे. शरीराला जे हवे, त्यालाच सर्वांत आधी कात्री लागते.

दुसरा मार्ग याहून वाईट आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडत नाही. समजा, आठ दिवसांचे लेमोशो कुणी १,५०० डॉलरला देऊ केले. शुल्क वजा जाता उरले ४०३. तंबूच्या वाटेवर एका ट्रेकरमागे तीन-चार पोर्टर लागतात : तंबू, स्वयंपाकाची भांडी, गॅस, अन्न, आपली सॅक, सगळे त्यांच्या डोक्यावर. चार पोर्टर, आठ दिवस, रोजचे १० डॉलर धरले तरी ३२० झाले. उरलेल्या ८३ डॉलरमध्ये गाईड, स्वयंपाकी, आठ दिवसांचे जेवण, गाडी आणि कंपनीचा नफा बसवायचा आहे. तो बसत नाही. बसतो तेव्हा कुणाची तरी मजुरी बुडालेली असते, किंवा चार माणसांचे ओझे तिघांवर चढलेले असते. कंपनीचे ओझे पोर्टरमागे २० किलोपर्यंतच असावे, असा नियम आहे आणि गेटवर काटा लावून वजन होते. गेट सुटल्यावर डोंगरात कुठे कोणाचे ओझे कोणावर चढते, हे पाहायला काटा नसतो. पोर्टरांची मजुरी, जेवण आणि झोपायची सोय यांवर २००३पासून लक्ष ठेवणारा ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ आहे आणि त्याच्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी तो जाहीर करतो. आपली कंपनी त्यात आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, प्रत्येक मुक्कामाची उंची, तारखेसह. दुसरी, आपल्यामागे किती पोर्टर असतील आणि त्यांना रोज काय मिळेल. मुक्कामांचा तक्ता मारांगूचा असेल आणि दिवस पाचच असतील, तर रजेचा अर्ज आणखी दोन-तीन दिवसांनी वाढवावा. लेमोशोची लांब वाट धरली तर शुल्क आणि चार पोर्टरांची मजुरी मिळून फरक पाचशे डॉलरच्या आसपास पडतो. विमानाच्या तिकिटासह एरवीच काही लाख जाणार असतील, तर हे पैसे सर्वांत आधी बाजूला काढून ठेवावेत.