एक जूनचं सामान

जुनं सामान घ्यायचं तर मुंबईकरांना मटण स्ट्रीटचा चोरबाजार आहे, पुणेकरांना बुधवार-रविवारचा जुना बाजार. आमच्या जवाहरनगरला आहे महिन्याचा शेवटचा दिवस.

ही वसाहत भंडारा आयुध निर्माणीची. निर्माणी १९६४ ची. ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. पाटी बदलली, निवृत्तीचा नियम नाही. ज्या महिन्यात साठ पूर्ण होतील त्याच्या शेवटच्या दिवशी सुट्टी. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आता आमच्या ह्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे वाढदिवस गुरुजींनी शाळेत नाव घालतानाच ठरवून टाकलेत: एक जून, नाहीतर एक जुलै. त्यामुळे ३१ मे आणि ३० जून हे वसाहतीतले मोठे मुहूर्त. हार, फोटो, समोसा-पेढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत क्वार्टर रिकामं करणं.

स्वस्ताईचं गणितही तिथेच आहे. निवृत्त होणारा बंगालचा असेल, केरळचा असेल, बिहारचा असेल. सागवानी दिवाण ट्रकने तिथवर न्यायचा तर भाडंच दिवाणापेक्षा जड. लाखनी-साकोलीचा माणूस मात्र ट्रॅक्टर आणतो आणि मोडका पाटसुद्धा नेतो. त्याच्या दारात घुटमळण्यात अर्थ नसतो.

मी हे काम पंधरा-सोळा वर्षं करते आहे. एक रीत पहिल्याच वर्षी शिकले. दुसऱ्याच्या घरात बसून वस्तूचा भाव विचारायचा नाही. तारीख विचारायची. “साहेबांचं कधी आहे हो?” एवढंच. आणि विचारताना हात त्या वस्तूवर असू द्यायचा. समोरची बाई शहाणी असते. ती चहा ओतता ओतता म्हणते, “हे तर आम्ही नेणार नाही बहुतेक.” सौदा झाला. पैशांचं पुढे कधीतरी, दाराशी, चपला घालताना.

माझी आलना अशीच आली. आलना म्हणजे बंगाली घरातली कपडे अडकवायची लाकडी घोडी: दोन कातीव खांब, मध्ये चार-पाच आडवे दांडे, खाली चपलांसाठी फळी. मराठी घरात ती मी कधी पाहिली नव्हती. शेजारच्या ओळीतल्या वहिनींकडे ती बेडरूमच्या कोपऱ्यात साड्यांखाली गडप झालेली असायची. “भाभी, ये आप रख लो,” म्हणाल्या आणि मला सातशे रुपये द्यायला त्यांच्या मागे लागावं लागलं. ती आता आमच्या बैठकीत आहे. तिच्यावर एक संबळपुरी चादर, एक इरकल, एवढंच. येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून मागवली? पाच दारं सोडून, म्हणते मी.

प्रेम बसलं तरी वस्तू उलटी करून पाहायचीच. वरची बाजू पाहुण्यांसाठी पुसलेली असते. खरं ते खाली. खालच्या अंगाला पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर भुंगा आहे. मातीच्या रेघा असतील तर उधई. सांध्यांत काळे ठिपके म्हणजे ढेकूण, आणि ढेकणाला कोणतंही क्वार्टर परकं नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायचा. कडेला थरांची वडी दिसली तर प्लायवुड, रेषा वरून खालपर्यंत सलग उतरल्या तर लाकूड. सागवान तासलेल्या जागी हुंगलं की कळतं; तेलकट, चामड्यासारखा वास येतो. पाय डगमगत असेल तर घाबरायचं नाही, सुतार दोनशेत बसवतो. पण खिळे ठोकून ठोकून डागडुजी केलेली असेल तर सोडून द्यायचं, तिथे आधीच कोणाचा तरी जीव रमून झालेला असतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. आणलेलं लाकूड आठवडाभर अंगणात, सांध्यांवर उकळतं पाणी, मगच घरात. पॉलिश नंतर.

लोखंडी कपाटाचं वेगळं. त्याला इथे सगळे ‘गोदरेज’ म्हणतात, मग ते गावातल्या वेल्डिंगवाल्याने का बनवलेलं असेना. मी तीन नाकारली. आत लावलेल्या आरशाचा पारा उडालेला असला की मला उगाच वाईट वाटतं.

खुर्च्यांवर मात्र थांबायला हवं. वसाहतीतल्या जुन्या खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्वार्टरचा नंबर असतो. गणपती, बारसं, तेरवी, कुठेही खुर्च्या गोळा करून नेत, आणि परत येताना अदलाबदल होऊ नये म्हणून ही खूण. माझ्याकडच्या एका वेताच्या खुर्चीवर तीन नंबर आहेत. दोन खोडलेले, तिसरा तिरपा. वेत नवा विणून घेतला, नंबरांना हात लावला नाही. चौथा टाकायला ब्रश हातात घेतला होता, पण आता मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतात. आमची कोण मागणार?

पितळेसाठी भंडाऱ्याला जावं लागतं. बसने अर्धा तास. भंडारा पितळी भांड्यांचं गाव म्हणून पूर्वीपासून ओळखलं जातं. स्टीलने बराच घास घेतला, तरी भांड्यांच्या दुकानात तराजू आहे आणि तराजूमागे मोडीचा ढीग आहे. लेकी-सुना आजीचं गंगाळ, गुंड, कोपर आणून घालतात, वजनावर पैसे घेतात किंवा बदल्यात कुकर नेतात. ढीग पुढे भट्टीत जातो. आपली खरेदी तराजू आणि भट्टी यांच्या मधल्या दोन-चार दिवसांतली. नव्या भांड्याला घडणावळ पडते, मोडीला फक्त वजन. दुकानदाराला मोडीच्या भावावर थोडं वर दिलं की तो खूश. “वितळाले चाललं होतं जी, घेऊन जा,” म्हणतो.

पर्समध्ये लोहचुंबक ठेवते. चिकटला तर वरून मुलामा, आत लोखंड. बुडाला डाक दिलेला असेल तर पाणी टिकेलच असं नाही, पण मनीप्लांटची कुंडी आत ठेवायला डाक चालतो. आतली कल्हई उडालेली असली तरी मला फरक पडत नाही, त्यात मी स्वयंपाक करणार नसते. कुणी करणार असेल तर आधी कल्हईवाला शोधा, आणि तो शोधणं हा वेगळा लेख आहे. घरी आणून चिंच-मीठ. पार लख्ख करत नाही, खोलगट जागी काळं राहू देते. नाहीतर गंगाळ कालच घेतल्यासारखं दिसतं.

गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव मात्र नेहमी वाचते. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अमकी हिस मामाकडून, पुढे साल. माझ्या दारातल्या गंगाळावर १९७४ आहे. ती नवरी आता सत्तरीची असेल. तिनेच मोडीत घातलं की तिच्यामागे कोणी, हे दुकानदाराला विचारलं होतं. तो वजन बघत होता.

सगळंच सामान तारखेने बाहेर येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये निर्माणीत स्फोट झाला. पुढचे कितीतरी दिवस मी कोणाच्या घरात गेले तर नजर जमिनीवर ठेवून बसले. एखाद्या वस्तूवर चुकून हात पडला तरी उचलून घेतला.

गेल्या दिवाळीत समोरच्या क्वार्टरमध्ये नवं जोडपं आलं. मुलगी वर्ध्याकडची, बोलकी. फराळाला आली, बैठक पाहिली, गंगाळापाशी वाकली, खुर्चीवरचे नंबर वाचून हसली. मग आलनेपाशी उभी राहिली. चादर जरा सरकवून तिने खालच्या फळीचं पोट बोटाने चाचपलं, बोट उजेडात धरून पाहिलं. भुकटी नव्हती.

“काकू,” हात दांड्यावर ठेवून तिने विचारलं, “काकांचं कधी आहे हो?”

“३१ मे,” मी म्हणाले.

“म्हणजे एक जूनचे,” ती म्हणाली, आणि चकली उचलली.