खाडा नसलेली मेस

आम्ही फ्लोरिडातल्या टॅम्पाला राहतो. आमच्याकडे पाहुण्यांचे दोन हंगाम असतात, एक मे महिन्याच्या सुट्टीचा आणि दुसरा नाताळचा. इथून गाडीने दीडेक तासावर ऑरलँडो आणि त्याला लागून वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. पुण्या-नाशिकहून किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्या नातेवाइकांचं हॉटेल आणि तिकिटं ठरत आली की एक प्रश्न हमखास येतो: "बुकिंग करताना जेवणाचा प्लॅन घ्या म्हणतायत. घेऊ का? स्वस्त पडतं ना?"

मी व्यवसायाने अकाउंटंट आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं. मेनू उघडायच्या आधी आपल्या घरातलं प्रत्येक माणूस दिवसभरात खरोखर काय खातं-पितं, ते कागदावर लिहा. प्लॅन परवडणार की नाही, हे त्या कागदावरून कळतं, जाहिरातीवरून नाही.

आधी हा प्लॅन काय आहे ते बघू. डिस्ने वर्ल्डमध्ये चार मोठे पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. डिस्नेच्याच हॉटेलात उतरून खोली आणि तिकिटं पॅकेजमध्ये घेतली तर जेवणाचे पैसेही आगाऊ भरता येतात. कोविडच्या काळात, 2020 मध्ये, ही योजना बंद झाली होती. 9 जानेवारी 2024 पासून ती पुन्हा सुरू झाली आणि तिचे दोन प्रकार ठेवले गेले.

पहिला क्विक सर्व्हिस प्लॅन. यात माणशी दर रात्रीमागे काउंटरवरची पेयासह दोन जेवणं आणि एक खाऊ मिळतो. शिवाय मुक्कामभर हॉटेलात पेय भरून घ्यायला एक मग मिळतो. दुसरा महागडा प्लॅन. यात दोनपैकी एक जेवण टेबलावर बसून, वेटरने आणून दिलेलं किंवा बफे असतं. 2024 मध्ये पहिल्या प्लॅनचा दर मोठ्यांना रात्रीमागे 57.01 डॉलर आणि मुलांना 23.83 डॉलर होता. दुसऱ्याचा दर मोठ्यांना 94.28 आणि मुलांना 29.69 डॉलर होता. दर बदलत राहतात, म्हणून ज्या सालचा प्लॅन घ्याल त्याच सालचा मेनू शेजारी ठेवा. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही.

आता पहिली खोच. डिस्नेच्या लेखी मूल म्हणजे 3 ते 9 वर्षांचं. दहावं लागलं की ते प्रौढ. पाचवीतल्या मुलीचं जेवण तिच्या बाबांच्या दराने भरायचं. दुसरी खोच अशी की एका बुकिंगमधल्या तीन वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्यांनी प्लॅन घ्यायचा, तोही एकच आणि मुक्कामातल्या सगळ्या रात्रींसाठी. "आईला नको, आम्ही चौघं घेतो," असं चालत नाही.

माझ्या दिरांच्या कुटुंबाचं उदाहरण घेते. दीर, जाऊबाई, सासूबाई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. सगळे शाकाहारी, दारू कोणीच घेत नाही. मुक्काम पाच रात्रींचा. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये हे चार प्रौढ आणि एक मूल. रात्रीमागे 251.87 डॉलर, पाच रात्रींचे 1259.35.

हेच रोखीने खाल्लं तर? 2024 च्या मेनूंवर काउंटरवरची शाकाहारी डिश साधारण 14 डॉलरला होती, सोडा किंवा लेमोनेड 5 च्या आसपास, आइस्क्रीम किंवा पॉपकॉर्नसारखा खाऊ साडेसहा आणि मग बावीसेक डॉलरला. त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर. एका प्रौढाने दोन्ही जेवणं, दोन्ही पेयं आणि खाऊ घेतला, मगही विकत घेतला, तरी दिवसाचे 52 डॉलर होतात. प्लॅनचे 57. म्हणजे एक घोटही वाया न घालवता सगळं वसूल केलं, तरी शाकाहारी माणूस पाच डॉलर मागेच राहतो.

आणि सगळं वसूल करतं कोण? आमच्याकडे जेवताना पाणी लागतं, कोक नाही. पेयं मिळतात त्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. मग भरायची सोय हॉटेलांत असते, पार्कांत नाही, आणि आपली माणसं सकाळी आठला पार्क गाठून रात्री फटाके बघूनच परततात. पेय आणि मग वगळला की माणशी खर्च 37 डॉलरवर येतो. सगळ्या घराचा रोजचा खर्च 173 च्या आसपास. प्लॅनशी तुलना केली तर पाच रात्रींत जवळपास 400 डॉलरचा फरक. डॉलरला 85 रुपये धरले तर तीस हजारांच्या वर.

यात सासूबाईंचा हिशेब वेगळाच. अमेरिकेतली एक डिश त्यांना दोन वेळा पुरते. दुपारी जाऊबाईंच्या ताटातलं थोडं खाल्लं की त्यांचं भागतं. एकादशी आली तर फळं आणि बटाट्याचे तळलेले काप. पण प्लॅन त्यांच्या नावाने पूर्ण प्रौढाचे पैसे घेतो. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही मेस लावायचो. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, पण गावी जाणार असलं की काकूंना आधी सांगायचं आणि त्या वहीत खाडे मांडून पुढच्या महिन्यात तेवढे वळते करायच्या. डिस्नेचा प्लॅन ही खाडा नसलेली मेस आहे. हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत जे वापरलं नाही ते गेलं. पैसे परत नाहीत.

मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी हॉटेलच्या दुकानात उभं राहून बघण्यासारखं असतं. प्लॅनमधले खाऊ घ्यायचे उरलेली कुटुंबं शेल्फसमोर घोळका करतात. मिकीच्या कानांच्या आकाराच्या पाकीटबंद गोड वड्या, कुकी, सोललेल्या फळांचे डबे, जे प्लॅनमध्ये बसेल ते पिशवीत जातं. कोणाला भूक नसते. मुलं कंटाळलेली असतात आणि आई मोजत असते, "अजून चार राहिले, तू काय घेतोस?" रोखीने यातलं काहीच कोणी विकत घेतलं नसतं. तरी घरी जाऊन सगळे म्हणतात, "आमचा प्लॅन पूर्ण वसूल झाला." वसूल झाला हे खरं. वाचले किती, हा प्रश्न वेगळा.

आगाऊ भरलेल्या पैशाचं मनाशी असं नातं असतं, आणि त्यावर अर्थशास्त्रात चांगला अभ्यास झालेला आहे. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टीन यांनी 1998 मध्ये मांडलं की पैसे आधी देऊन टाकले की पुढचा उपभोग फुकट असल्यासारखा वाटतो. देण्याचं दुःख मागे पडलेलं असतं. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या सभासदांचा हिशेब प्रसिद्ध केला. महिन्याला 70 डॉलरहून जास्त फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी 4.3 वेळाच जात होते. म्हणजे त्यांना एक फेरी 17 डॉलरच्या वर पडत होती, आणि त्याच व्यायामशाळेत दहा फेऱ्यांचा पास फेरीमागे 10 डॉलरने मिळत होता. आगाऊ भरताना आपण स्वतःला प्रत्यक्षात असतो त्याहून जास्त उत्साही, जास्त भुकेले समजतो. माझ्या पेशात, ग्राहकाने भरलेल्या पण कधीच न वापरलेल्या अशा रकमेला ब्रेकेज म्हणतात. कंपन्या तिचा अंदाज बांधून ती उत्पन्नात धरू शकतात. हे कायदेशीर आहे, लेखाशास्त्राच्या नियमांत बसतं. तुमची न संपलेली थाळी विकणाऱ्याच्या हिशेबात आधीपासून असते. मग ती तुमच्याही हिशेबात असायला हवी.

पण प्लॅन सगळ्यांनाच तोट्यात जातो असं नाही. कोणाला फायदा होतो तेही सांगायला हवं.

पहिली, लहान मुलं. 2024 च्या दरांत सात वर्षांच्या पुतण्याची दोन जेवणं आणि खाऊ रोखीने 25 डॉलरच्या आसपास जात होते आणि प्लॅन 23.83 चा होता. इथे प्लॅन जिंकतो. दोन प्रौढ आणि तीन लहान मुलं असलेलं घर आणि चार प्रौढ आणि एक मूल असलेलं घर, यांची उत्तरं म्हणूनच वेगळी येतात. 2026 च्या पॅकेजसाठी तर मोठ्यांनी प्लॅन घेतल्यास 3 ते 9 वर्षांच्या मुलांना तो फुकट देण्याचं डिस्नेने जाहीर केलं. ऐकायला हे फार गोड वाटतं. पण 2024 चेच दर धरून दिरांच्या घरासाठी मुलाचे 23.83 वजा केले तरी चार प्रौढांचे 228 डॉलर उरतात, आणि सगळ्या घराचा खरा खर्च 173 आहे.

दुसरे, मद्य घेणारे. 2018 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्यांना जेवणाबरोबर बिअर, वाइन किंवा कॉकटेल निवडता येतं. दोन्ही जेवणांबरोबर पंधरा-सोळा डॉलरचं कॉकटेल घेणाऱ्याचा रोजचा खर्च 70 डॉलरच्या पुढे जातो. प्लॅनचे 57 त्याला नक्कीच परवडतात. हा दर सरासरीवर बांधलेला असतो. लेमोनेडही न पिणारा शाकाहारी माणूस त्या सरासरीत दुसऱ्याच्या कॉकटेलचा थोडा भार उचलतो.

तिसरे, मिकी-गूफीबरोबर जेवायची हौस असलेले. अ‍ॅनिमल किंगडममधल्या टस्कर हाउससारख्या ठिकाणी पात्रं टेबलापाशी येतात. 2024 मध्ये तिथला बफे मोठ्यांना साठ-पासष्ट डॉलरला पडायचा. रोज असं एक जेवण घेतलं तर 94 चा प्लॅन थोडा फायद्यात जातो. लहान मुलांचा फायदा तर मोठाच, कारण बफेचाच दर त्यांच्या दिवसभराच्या प्लॅनपेक्षा जास्त असतो. पण टेबलावर साधी शाकाहारी डिश, गोड आणि पेय घेतलं तर माणशी वीसेक डॉलर बुडतात. या जेवणांचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. ते मिळालं नाही तर प्लॅनचं गणित कोसळतं. टिप प्लॅनमध्ये धरलेली नसते. सहा किंवा जास्त माणसं असली तर बिलात 18 टक्के आपोआप लागतात. पासष्ट डॉलरच्या बफेवर माणशी बारा डॉलर. "जेवणाचे पैसे भरलेत" म्हणून निश्चिंत बसलेल्यांना ही रक्कम जड जाते.

कधीकधी "जेवण मोफत" अशी ऑफर येते. ती बहुधा खोलीच्या सवलतीबरोबर मिळत नाही, एकच निवडावी लागते. म्हणून दोन बेरजा करा. सवलतीतली खोली अधिक रोखीचं जेवण, आणि पूर्ण दराची खोली अधिक मोफत प्लॅन. जी बेरीज लहान, ती घ्या.

खाण्याच्या आनंदाचंही थोडं सांगते. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे. खिडकीबाहेर गवताळ माळावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात, आणि टेबलावर नानसारख्या गरम पोळ्यांच्या तुकड्यांबरोबर नऊ वाट्या येतात. काकडीचं रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं. दिवसभराच्या ब्रेड-चीजनंतर शाकाहारी मराठी माणसाला याहून प्रिय काही नाही. पण ही डिश मुख्य जेवणाआधीच्या पदार्थांत मोडते, आणि ते पदार्थ प्लॅनमध्ये धरलेले नाहीत. प्लॅन घेतलेली माणसं तिच्यावर वेगळे पैसे घालायला कचरतात आणि "मिळतंय ना" म्हणून दुसरंच काहीतरी मागवतात. मेनूवरची पानाची खूण मात्र लक्षात ठेवा. 2019 पासून मांस, दूध, अंडी आणि मध नसलेल्या पदार्थांपुढे ती असते.

नाश्ताही मोजा. दोन जेवणं आणि एक खाऊ म्हणजे पूर्ण दिवस नव्हे. सकाळचा नाश्ता त्याच जेवणांतून आणि खाऊतून भागवायचा किंवा वेगळा करायचा. पार्कात घरचं खाणं न्यायला डिस्ने मनाई करत नाही. काचेची भांडी आणि गरम करावं लागेल असं काही नको, एवढंच. खोलीत छोटा फ्रिज असतो. दशम्या, खाकरे, चिवडा, फळं आणि दही एवढ्यावर सकाळ निभते आणि आजी-आजोबांचं पोटही शांत राहतं.

तरीही दीर म्हणाले होते, "वहिनी, चारशे डॉलर जास्त गेले तरी चालतील, पण आईने प्रत्येक बिलाला पंच्याऐंशीने गुणायला नको." हे म्हणणं मला मनापासून पटतं. चार डॉलरच्या पाण्याच्या बाटलीचे तीनशे चाळीस रुपये होतात हे कळल्यावर सासूबाई तहान लागली तरी सांगत नाहीत. मनाच्या निश्चिंतीला किंमत आहे आणि ती देणं गैर नाही. फक्त तिला बचत म्हणू नका. निश्चिंतीचे चारशे डॉलर झेपतात का, असं स्वतःला सरळ विचारा.

आणि तीच निश्चिंती स्वस्तात मिळत असेल तर ती घ्या. आम्ही प्लॅन घेतला नाही. जेवणाचा अंदाज काढला, त्यावर थोडी वाढ धरली आणि तेवढ्या रकमेचं डिस्नेचं गिफ्ट कार्ड घेऊन सासूबाईंच्या हाती दिलं. "आई, हे पैसे जेवणासाठीच आहेत, आता मोजायचं नाही." पार्कांतल्या उपाहारगृहांत ते कार्ड चालतं, त्याला मुदत नसते आणि उरलेले पैसे आपलेच राहतात. रोज कोणाला काय खायचं ते सासूबाई विचारायच्या आणि कार्डही त्याच पुढे करायच्या.

तुम्ही कुठल्याही पार्कला जा, तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन समोर आलं की चार गोष्टी विचारा. घरात पूर्ण दराची माणसं किती? त्यातली पूर्ण जेवणारी किती? प्लॅनमध्ये धरलेलं पण आपण एरवी कधीच मागवत नाही असं काय आहे? आणि न वापरलेल्याचं काय होतं? ही उत्तरं लिहायला अर्धा तास पुरतो, आणि तो घरीच काढायचा, बुकिंगचं पान उघडायच्या आधी. मग घ्यायचं ठरलं तर खुशाल घ्या. नाही ठरलं तर वाचलेल्या पैशांतून आजीला तिच्या आवडीचं खाऊ घाला.